नाव कोरलेल्या लाकडी पेनाचं पॉलिश: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

पेनावर नाव कोरायचं ठरलं की पॉलिशचा सगळा क्रम बदलतो. साधं लाकडी पेन लेथवर (लाकूड गोल फिरवून कातायच्या यंत्रावर) फिरवत घासायचं, वर दोन हात पॉलिश मारायचं आणि कापडाने चमकवायचं, की झालं. कोरलेल्या पेनावर हेच केलं तर अक्षरांच्या कडा गोल होतात, अनुस्वार बुजतो आणि खाचांमध्ये पॉलिशची पांढरी पेस्ट जाऊन बसते. असं पेन बहुतेक वेळा कुणाला तरी भेट द्यायला केलेलं असतं: निवृत्त होणाऱ्या सरांना, नव्याने वकिली सुरू करणाऱ्या भाचीला. हातात घेणारा आधी नाव वाचतो, लाकूड आणि चमक मग बघतो. म्हणून खालची प्रत्येक पायरी अक्षराची काळजी घेत लिहिली आहे.

तुमच्याकडे छोटं लेथ आहे आणि ७ मिमी पितळी नळीचं साधं स्लिमलाइन किट (फिरवून उघडायच्या बारीक पेनाचे सुटे भाग) आहे, असं मी धरून चालतो. लाकडाच्या तुकड्याला भोक पाडून नळी इपॉक्सीने बसवली आहे, दोन्ही टोकं काटकोनात साफ केली आहेत आणि मँड्रेलवर (लेथमध्ये तुकडा धरणाऱ्या दांड्यावर) चढवून आकारही दिला आहे. आता पुढचं काम.

जाडीचा हिशोब

नळी ७ मिमीची आणि टोकांशी बुश, म्हणजे मँड्रेलवर लाकडाच्या दोन्ही टोकांना बसणारी धातूची कडी, साधारण ८.३ मिमीचा. म्हणजे टोकाला नळीवर लाकूड उरतं एका बाजूला जेमतेम ०.६५ मिमी. तिथे खोल कोरलं तर खालचं पितळ डोकावायला वेळ लागत नाही. मध्यभागी थोडं पोट ठेवून व्यास ११ मिमी केला तर तिथे २ मिमी लाकूड मिळतं. नाव या पोटावरच घ्या आणि दोन्ही टोकांकडे पाच-सहा मिमी जागा मोकळी सोडा. कोरण्याची खोली ०.३ मिमीच्या आसपास पुरते. त्याहून उथळ अक्षर वरच्या थरांखाली बुजतं आणि फार खोल गेलं तर त्यात मळ साठतो.

लाकूड आणि अक्षर

लेझरने कोरलेलं अक्षर जळून तपकिरी-काळं होतं. त्यामुळे हळदू, आंबा, काळा कुडा अशा फिकट लाकडांवर ते रंग न भरताही स्वच्छ वाचता येतं. हळदू मला यासाठी सगळ्यात आवडतं. पिवळसर रंग, बारीक सारखा पोत, आणि लेथवर ते छान कातलं जातं. चन्नपट्टणचे खेळणी करणारे कारागीर परंपरेने काळ्या कुड्याचं लाकूड वापरतात ते अशाच पोतासाठी. शिसवीवर मात्र जळलेलं अक्षर लाकडाच्या रंगातच हरवतं. तिथे सोनेरी किंवा पांढरा रंग भरणं भाग आहे.

सागाबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण नवशिक्याच्या हाती पहिल्यांदा सागच येतो. सागाच्या प्रत्येक वाढवलयाच्या सुरुवातीला मोठ्या छिद्रांची एक रांग असते. पेनाच्या लांबीला ही छिद्रं बारीक लांबट चिरांसारखी दिसतात. पेनावरचं नाव लांबीलाच लिहिलं जातं, म्हणजे देवनागरीची शिरोरेखा या चिरांना समांतर येते. ती नेमकी छिद्रांच्या रांगेवर पडली तर रेघेची वरची कड सरळ राहत नाही. कुठे ती खोल जाते, कुठे तुटक दिसते. रोमन अक्षरांना वर अशी सलग रेघ नसल्यामुळे तिथे हे इतकं जाणवत नाही. उपाय सोपा आहे. कोरण्याआधी बॅरल (नळी बसवलेला पेनाचा लाकडी भाग) उजेडात हळूहळू फिरवून बघा आणि दोन रांगांच्या मधला घट्ट, गुळगुळीत पट्टा शोधा. शिरोरेखा तिथे येईल अशा बेताने पेन्सिलची खूण करा. असा पट्टा सापडत नसेल तर बॅरल बदला किंवा त्यावर नाव घेऊ नका.

अक्षरांची उंची ४ ते ५ मिमी ठेवा. एवढ्या लहान आकारात नाजूक, कॅलिग्राफीच्या वळणाचे फॉन्ट टिकत नाहीत. त्यांची पातळ रेघ पहिल्याच थराखाली जाते. सारख्या जाडीचा मध्यम वजनाचा फॉन्ट घ्या. ‘मुक्त’ किंवा ‘बालू’ मोफत मिळतात आणि दोन्ही चालतात. रेघ ०.४ मिमीपेक्षा बारीक नको. रफार, अर्धचंद्र आणि अनुस्वार नीट बघा. पोट फुगवलेल्या अक्षरात ‘क’ आणि ‘ळ’ची भोकंही बुजतात.

कोरण्याचं काम बाहेर ट्रॉफीच्या दुकानात देणार असाल तर मजकूर टाइप करून पाठवू नका. लेझरच्या बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरं सुटी होतात आणि वेलांटी भलत्या जागी जाते. दुकानातला जुना फॉन्ट युनिकोड नसेल तर आणखी घोळ. इंकस्केप या मोफत ड्रॉइंग सॉफ्टवेअरमध्ये नाव लिहा, अक्षरांचं ‘पाथ’मध्ये (नुसत्या रेषांच्या आकारात) रूपांतर करा आणि ती फाइल द्या. त्याआधी मूळ आकारात कागदावर छापून, कागद बॅरलभोवती गुंडाळून, ज्याचं नाव आहे त्याच्या जवळच्या माणसाकडून वाचून घ्या. ‘श्री’ आणि ‘ज्ञ’ असलेल्या नावांचं तर नक्कीच.

नावाची दिशाही आत्ताच ठरवा. उजव्या हाताने लिहिणाऱ्याच्या हातात पेनाचं टोक डावीकडे असतं. त्याला लिहिताना नाव सरळ दिसायला हवं असेल तर पहिलं अक्षर टोकाच्या बाजूला घ्या. डावखुऱ्यासाठी उलट, पहिलं अक्षर टोपणाच्या बाजूला. भेट कोणाला आहे हे विचारताना तो कोणत्या हाताने लिहितो हेही विचारून ठेवावं.

घासाई

यात फार गूढ काही नाही. पटाशी धारदार असेल तर १८० नंबरच्या पॉलिश पेपरपासून सुरुवात पुरते. मग २४०, ३२०, ४००. लेथचा वेग कमी ठेवा आणि पेपर दाबू नका. बॅरल हाताला चटका देण्याइतकं तापलं तर शिसवीसारख्या लाकडाला केसाएवढ्या चिरा पडतात. प्रत्येक नंबर झाला की लेथ बंद करून त्याच पेपरने लांबीच्या दिशेने चार-पाच हात मारा. गोल फिरणारे ओरखडे असेच जातात, आणि ते राहिले तर कोरलेल्या अक्षराच्या शेजारी फार उठून दिसतात. भुसा ब्रशने झाडून मगच पुढचा नंबर घ्या. तोंडाला मास्क हवाच. शिसवीच्या धुळीची काही जणांना ॲलर्जी होते.

४०० वर थांबा. आत्ता चमक आणायची नाही.

कोरण्याआधीचा थर

नवशिके हमखास गाळतात ती हीच पायरी. कोऱ्या लाकडावर लेझर चालवला तर धूर आणि डिंक अक्षरांभोवतीच्या छिद्रांत शिरतात आणि तपकिरी डाग पडतो. तो घासून काढायचा म्हणजे अक्षराची कड घासायची. रंग भरायचा असेल तर तोही तंतूंतून बाहेर पसरतो. म्हणून कोरण्याआधी लाकडाची तोंडं बंद करायची, आणि त्यासाठी चपडा लाखेसारखी दुसरी गोष्ट नाही. पळस, बोर, कुसुम या झाडांवर वाढणाऱ्या लाखेच्या किड्याचा हा राळेसारखा पदार्थ आपल्या सुतारांच्या हाताखालचा आहे, आणि हार्डवेअरच्या दुकानात पापडीच्या रूपात मिळतो.

काचेच्या बाटलीत २०० मिली स्पिरिट घेऊन त्यात २५ ग्रॅम चपडा टाका. रात्रभर ठेवा, मधून मधून हलवा. लोखंडी किंवा पत्र्याच्या डब्यात करू नका, द्रावण काळं पडतं. सकाळी बाटली न हलवता बघा, तळाशी गढूळ मेण बसलेलं दिसेल. वरचं कोऱ्या चहाच्या रंगाचं निथळ द्रावण दुसऱ्या बाटलीत ओता आणि तेच वापरा. मेण आत राहिलं तर पुढे त्यावर पीयू (पॉलियुरेथेन) किंवा लॅकर नीट धरत नाही. बाटलीवर तारीख लिहा. द्रावण सहाएक महिन्यांत उतरतं. शंका आली तर काचेवर थेंब टाकून बघा. तासाभराने चिकट लागला तर फेकून द्या.

साग आणि शिसवी तेलकट लाकडं आहेत. थर देण्याआधी ती स्पिरिटच्या फडक्याने पुसून सुकू द्या. मग जुन्या सुती कापडाच्या बोळ्याने चपड्याचा एक पातळ हात, अर्ध्या तासाने दुसरा. सुकल्यावर ६०० नंबरने नुसतं हलकं फिरवा.

इथे पावसाळ्याबद्दल एक सूचना. कोकणात आणि घाटावर जून ते सप्टेंबर हवेत इतका दमटपणा असतो की स्पिरिट उडताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर ओल धरते आणि थर पांढरा पडतो. लॅकरचंही तसंच होतं. त्या दिवसांत काम भर दुपारी करा, थर आणखी पातळ द्या आणि लाकडी खोक्यात जुना पिवळा बल्ब लावून त्यात बॅरल सुकवा.

कोरणं आणि सफाई

बॅरलवर कागदी मास्किंग टेप सुरकुती न पडू देता चिकटवा आणि टेपवरूनच कोरा. प्लॅस्टिकची विनाइल टेप अजिबात नको. लेझरने ती जळली की क्लोरिनयुक्त विषारी वाफ निघते, माणसालाही वाईट आणि मशीनलाही. स्वतःचा डायोड लेझर असेल तर एकदाच जोरात जाळण्यापेक्षा कमी शक्तीच्या दोन फेऱ्या घ्या, कड स्वच्छ येते. त्याच लाकडाच्या टाकाऊ कातलेल्या तुकड्यावर आधी चाचणी घ्या. सपाट फळीवरची चाचणी इथे कामाची नाही. गोल पृष्ठभागावर अक्षराचा वरचा आणि खालचा भाग लेझरपासून थोडा दूर जातो आणि तिथे रेघ मंदावते.

टेप काढल्यावर खाचांमध्ये काजळी दिसेल. ती न काढता पॉलिश केलं तर पहिल्याच थराबरोबर काळे ओघळ पसरतात. हात आपोआप स्पिरिटकडे जातो, पण आपला खालचा थर चपड्याचा आहे आणि स्पिरिट त्याला विरघळवतं. अक्षराभोवती चिखल होतो. त्याऐवजी टर्पेंटाइन घ्या, त्यात चपडा विरघळत नाही. मऊ टूथब्रश टर्पेंटाइनमध्ये किंचित ओला करून अक्षरांतून लांबीच्या दिशेने फिरवा, लगेच कोरड्या कापडाने टिपा. ब्रशवर काळं येणं थांबेपर्यंत करा. अनुस्वार आणि ‘क’च्या पोटासाठी टूथपिकचं टोक चेचून वापरा. पुरेसा उजेड आणि भिंग घेऊन बसा. पुढचे सगळे थर पारदर्शक आहेत, आत्ता राहिलेली काजळी कायमची राहणार.

रंग भरायचा असेल तर

आधी बारीक ब्रशने फक्त खाचांत चपड्याचा एक हात द्या, कारण कोरताना तिथलं लाकूड पुन्हा उघडं पडलं आहे. सुकल्यावर ॲक्रिलिक रंग, सोनेरी असेल तर दाट, टूथपिकने खाचेत दाबून भरा. दोन-तीन मिनिटांनी जुन्या एटीएम कार्डाभोवती ताणून गुंडाळलेल्या ओलसर कापडाने वरचा रंग पुसा. बोटाने पुसलात तर बोट खाचेत उतरतं आणि रंग बाहेर ओढून आणतं. कडक कार्ड फक्त वरून सरकतं. रात्रभर सुकू द्या. मग त्याच कार्डाला ६०० नंबर गुंडाळून, लेथ बंद ठेवून, लांबीच्या दिशेने उरलेला रंग उतरवा. कोरल्यानंतरची सगळी घासाई अशीच करायची, कडक पाठीवर आणि लांबीला. स्पंजवर किंवा बोटावर पेपर धरला की अक्षराची कड जातेच.

वरचा थर

नवशिक्याला माझा सल्ला स्प्रेच्या डब्यातल्या पारदर्शक लॅकरचा आहे. पातळ धुक्यासारखा थर अक्षराच्या आत-बाहेर सारखा बसतो आणि खाच खाचच राहते. बॅरल काडीवर अडकवा, हाताने सावकाश फिरवत २०-२५ सेंमीवरून फवारा. पहिला हात अगदी हलका, विशेषतः रंग भरला असेल तर. जाड थरातलं थिनर ॲक्रिलिकला पकडून रंग विरघळवतं. असे चार-पाच हात, प्रत्येक वेळी आधीचा पूर्ण सुकल्यावर. खाचेत थेंब साचलेला दिसला तर लगेच टिश्यूच्या टोकाने शोषून घ्या. आठवडाभर तसंच ठेवून मग चमक आणा. वरून सुकलेला थर आतून कडक व्हायला दिवस घेतो.

लाखेचं घर्षण-पॉलिश, म्हणजे चपड्याचं द्रावण, स्पिरिट आणि उकळलेलं अळशीचं तेल समभाग, फिरत्या लेथवर कापडाने चोळलं की मिनिटाभरात सुंदर ऊबदार झळाळी येते. पण कोरल्यानंतर ते चोळताना कापड भरलेला रंग ओढतं, आणि रोज वापरल्या जाणाऱ्या पेनावर लाख लवकर झिजते. शोभेच्या पेनासाठी ठीक आहे. अळशीच्या तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप पेट घेऊ शकतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून मग टाका. खोबरेल किंवा शेंगदाण्याचं तेल लावायचा मोह टाळा. ही तेलं सुकून कडक होत नाहीत, पेन चिकट राहतं.

काचेसारखी चमक हवी असेल तर सायनोॲक्रिलेट, म्हणजे फेव्हिक्विकच्या जातीचा गोंद. त्याचे दहाएक पातळ थर टिश्यूने दिले की थर फार टणक होतो. सुती कापड किंवा सुती हातमोजे वापरू नका. कापसाशी त्याची इतक्या वेगाने प्रक्रिया होते की चटका बसतो आणि धूर निघतो. खिडकी उघडी ठेवा, वाफ डोळ्यांना झोंबते. हा थर कोरलेल्या अक्षरांवर दिला तर ती भरून जातात, म्हणून इथे क्रम उलटा करावा लागतो. आधी सगळे थर आणि चमक पूर्ण करायची, मग थरातून आरपार कोरायचं, रंग भरायचा आणि शेवटी फक्त खाचांत बारीक ब्रशने लॅकरचा एक हात. कड यात फार धारदार येते, पण कोरताना थर टवकला तर दुरुस्ती नाही, सगळं उतरवावं लागतं. दोन-चार पेनं लॅकरची झाल्यावर याकडे वळा.

थर कोणताही असो, मँड्रेलवरून बॅरल काढण्याआधी बुशच्या सांध्यावर धारदार ब्लेडने गोल चीर द्या. नाहीतर बुशबरोबर टोकाचा थरही निघून येतो.

चमक

१५०० पासून १२००० नंबरपर्यंतच्या मायक्रो-मेशच्या (फार बारीक घासणाऱ्या) गाद्या मिळतात. खालच्या नंबरांना अक्षरांचा पट्टा टाळून, बाकीच्या भागावर फिरत्या लेथवर काम करा. अक्षरांच्या पट्ट्यावर लेथ बंद ठेवून गादी कार्डावर धरा. पाणी अगदी थेंबभर, आणि टोकांच्या उघड्या लाकडाला लागू न देता.

पांढरी पॉलिश पेस्ट गडद लाकडाच्या खाचेत वाळली की खडूसारखी दिसते. आधीच अक्षरांवर बोटाने थोडं मऊ मेण भरून ठेवा, पेस्ट आत शिरत नाही. नंतर मऊ ब्रशने मेण आणि पेस्ट दोन्ही निघून येतात. शेवटी कार्नोबा मेणाचा एक हलका हात कापडाने द्या. कार्नोबा ८० अंशांच्या वर वितळतं, हाताच्या उबेने चिकट होत नाही. मधमाश्यांचं मेण एकटं वापरलं तर बोटांचे ठसे धरतं.

जोडणी

टोक, खालचं बॅरल आणि फिरवण्याची यंत्रणा क्लॅम्पमध्ये सरळ रेषेत दाबून बसवा, जबड्यांना लाकडाच्या चकत्या लावून. यंत्रणा थोडी थोडी दाबा आणि प्रत्येक वेळी रिफिल घालून टोक किती बाहेर येतं ते बघा. जास्त आत गेलेली यंत्रणा बाहेर काढणं कठीण असतं. वरच्या बॅरलवर नाव असेल तर क्लिप नावाच्या बरोबर विरुद्ध बाजूला येईल अशी धरून मगच दाबा, एकदा बसली की फिरत नाही. दोन्ही बॅरल एकाच तुकड्यातली असतील तर पेन बंद असताना रेषा जुळताहेत का तेही याच वेळी बघून घ्या.

पेन देताना एक गोष्ट आवर्जून सांगा: सॅनिटायझर लावलेल्या ओल्या हाताने ते धरू नका. लाखेचा थर त्यातल्या अल्कोहोलने लगेच चिकट होतो, लॅकरही हळूहळू मंद पडतं. सायनोॲक्रिलेटला सहसा काही होत नाही. दवाखान्यात काम करणाऱ्या माणसासाठी पेन असेल तर थर निवडतानाच हे लक्षात घ्या. अक्षरांत धूळ साठली तर कोरडा मऊ ब्रश, आणि वर्षातून एकदा मेणाचा हात पुरेसा आहे.